शेवटचे चाळीस सेकंद परत द्या

प्रति,
संध्याकाळच्या नभोनाट्य मालिकेचे निर्माते, लेखक-मंडळ आणि केंद्राचे कार्यक्रम अधिकारी यांस,

विषय : भागाच्या शेवटची श्रेयनामावली बंद केल्याबाबत; तसेच भाग क्रमांक, पुनःप्रसारण आणि जुन्या ध्वनिमुद्रणांबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यापासून आपल्या मालिकेचा भाग संपला की शीर्षकधून वाजते आणि ती पुरती विरायच्या आत पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात सुरू होते. याआधी त्या जागी निवेदक भाग क्रमांक सांगत, मग भागात कोण कोण होतं त्यांची नावं, शेवटी लेखन, ध्वनी आणि निर्मिती. सगळं मिळून चाळीस सेकंद. ते का काढलं असं विचारल्यावर 'वेळ वाचवण्यासाठी' एवढंच उत्तर मिळालं. ते उत्तर आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र. ते उघड लिहितो आहोत, कारण नावं ज्यांची गाळली ते कलाकार आणि ज्यांच्या कानांपर्यंत ती पोचत होती ते श्रोते, दोघांनाही हे कळायला हवं.

आम्ही जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले श्रोते आहोत. मालिका ऐकतो आणि तिच्या पात्रांची हजेरी ठेवतो. कोणतं पात्र कोणत्या भागात बोललं, किती दिवसांनी परत आलं, आवाज तोच होता की बदलला, याची रोजची नोंद. रंगमंचावर माणूस न बोलता कोपऱ्यात उभा राहिला तरी दिसतो. रेडिओवर तो बोलला तरच आहे, आणि तो कोण हे सांगणारं कुणी असेल तरच आपण त्याला ओळखतो. त्या चाळीस सेकंदांत ते सांगितलं जात होतं.

ही वही कशी चालते ते आधी सविस्तर सांगतो. ते कळल्याशिवाय नुकसान नेमकं काय झालं ते कळणार नाही.

दोनशे पानी लाँगबुक आडवं धरायचं आणि सात रकाने आखायचे : दिनांक, भाग क्रमांक, पात्र क्रमांक, खूण, कितवा प्रवेश, कलाकार, शेरा. एका भागात एका पात्राला एकच ओळ. पात्राचं नाव न लिहिता क्रमांक लिहायचा, कारण खान्देशातल्या कोणत्याही गावासारखंच मालिकेतल्या गावातही आप्पा तीन आहेत, नाना दोन आहेत आणि माय तर घरोघरी. 'आप्पा आले' अशी नोंद दोन वर्षांनी लिहिणाऱ्यालाही उमगत नाही. वरच्या वाड्यातले आप्पा १७, गिरणीवाले आप्पा ४२, असं एकदा ठरलं की मग लेखकांनी त्यांना आप्पा म्हणो, आप्पासाहेब म्हणो की नुसतं 'म्हातारं' म्हणो, वहीत १७ तो १७.

खुणा पाच आहेत. 'बो' म्हणजे बोललं. निदान एक शब्द स्पष्ट ऐकू आला आणि तो कुणाचा हे कळलं. 'आ' म्हणजे नुसता आवाज : खोकला, हुंदका, काठीची टकटक. 'फो' म्हणजे फोनवरून; तिथे आवाजाच्या खालच्या-वरच्या पट्ट्या कापलेल्या असतात, म्हणून कलाकार ओळखताना चूक होण्याची शक्यता जास्त. 'उ' म्हणजे फक्त उल्लेख, पात्र स्वतः नाही. आणि 'जु' म्हणजे जुन्या भागातला तुकडा आठवण म्हणून पुन्हा वाजवला. या शेवटच्या खुणेवर आम्ही फार जपतो. ती सुटली की दोन वर्षांपूर्वी मेलेलं पात्र वहीत जिवंत होतं आणि 'शेवटची हजेरी' हा रकाना कायमचा चुकतो. गर्दीतल्या 'हो, हो'ची नोंद होत नाही, मग तो आवाज कितीही ओळखीचा वाटो.

कलाकार बदलला तर पात्राचा क्रमांक बदलत नाही, पुढचं अक्षर बदलतं. १७-अ, १७-आ. पहिला कलाकार परतला तर पुन्हा १७-अ, १७-इ नव्हे. हे नुसतं सोयीसाठी नाही. बीबीसीची 'द आर्चर्स' ही नभोनाट्य मालिका १ जानेवारी १९५१ पासून ब्रिटनभर सुरू झाली आणि आजही चालू आहे. तिच्यातली पेगी ही व्यक्तिरेखा जून स्पेन्सर यांनी सुरुवातीला केली. १९५३ मध्ये त्यांनी ती सोडली, थेल्मा रॉजर्स यांनी पुढे चालवली, आणि १९६२ मध्ये स्पेन्सर परत आल्या त्या २०२२ पर्यंत. त्याच मालिकेत नॉर्मन पेंटिंग यांनी फिल हे पात्र १९५० च्या चाचणी भागांपासून २००९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत केलं. इतक्या लांब पल्ल्यात पात्राचं आयुष्य आणि आवाजाचं आयुष्य हे दोन वेगळे हिशेब होतात, आणि दोन्ही ठेवावे लागतात. ज्यांच्याबद्दल सगळं गाव बोलतं पण जे स्वतः कधीच ऐकू येत नाहीत, अशा पात्रांसाठीही तिथे वेगळा शब्द रूढ आहे : मुकी पात्रं. आमच्या वहीत ती सलग 'उ, उ, उ' अशी दिसतात. एखाद्या दिवशी अशा ओळीत पहिला 'बो' पडतो, तेव्हा त्याच्याभोवती चौकट करतो.

एका भागाची नोंद दोन गावांतले दोन श्रोते एकमेकांना न विचारता करतात. रविवारी दोन्ही ताडून पाहायच्या. जुळलं ते शाईने, न जुळलेलं पेन्सिलीने, आणि पुनःप्रसारण झालं की तिसऱ्याने ऐकून ठरवायचं. तरीही ठरलं नाही तर प्रश्नचिन्ह तसंच राहतं. बहुमताने आवाज ठरवत नाही.

न जुळणाऱ्या नोंदी सगळ्यात जास्त कुठे येतात? दोन जावा एकाच स्वयंपाकघरात असतात, प्रवेश संपताना त्यांपैकी एक 'येते हं' म्हणते, आणि दार लागतं. गेली कोण? नुसत्या कानाने हे सुटत नाही. शेवटच्या यादीत दोघींपैकी एकाच अभिनेत्रीचं नाव आलं, की सुटतं. मात्र यादीही एकटी पुरत नाही. एकच कलाकार दोन पात्रं करतो. ध्वनिमुद्रण झालेला प्रवेश संकलनात उडतो आणि नाव यादीत राहतं. म्हणून आमचा नियम असा की कलाकार यादीवरून, पात्र कानावरून, आणि दोन्हींचा मेळ बसला तरच शाई. यादी गेली, म्हणजे या दोन पायांतला एक गेला. गेल्या महिन्याची पानं पाहिली तर पेन्सिलच जास्त दिसते.

आमच्याकडे ऐकण्याच्याही अडचणी आहेत, आणि त्या स्टुडिओत बसून कळणाऱ्या नाहीत. मध्यमलहरींचं प्रक्षेपण दिवसा जमिनीलगत येतं आणि स्थिर असतं. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषून घेणारा खालचा थर विरतो, लांबची केंद्रं वरून परावर्तित होऊन त्याच जागी येऊन बसतात आणि आपलंच केंद्र वर-खाली होऊ लागतं. जूनमध्ये इथे सात वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, डिसेंबरमध्ये सहाच्या आतच. म्हणजे तोच संध्याकाळी सातचा भाग उन्हाळ्यात स्वच्छ आणि हिवाळ्यात घुसमटलेला. त्यातच थ्री फेज आली की विहिरीवरच्या मोटारी सुरू होतात, आणि घरातले स्वस्त एलईडी दिवे व मोबाइलचे चार्जर एकसारखी घरघर लावतात. उपाय असतात. संच भिंतीतल्या वायरींपासून तीन-चार मीटर लांब न्यायचा, दिवा बंद करायचा, आणि संच हळूहळू फिरवायचा. आतली फेराइटची कांडी ज्या दिशेला टोक करते त्या दिशेचा आवाज सगळ्यात कमी पकडला जातो, म्हणून टोक गोंगाटाकडे करायचं. एवढं करूनही दोन-चार वाक्यं जातातच. ती गेली तरी शेवटी नावं ऐकून भागाची चौकट भरता येत होती. ॲपवर ऐका, असं सुचवलं जातं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

वही संगणकात चढवतानाही क्रमांकच उपयोगी पडतात. 'वहिनी' आणि 'वैनी' ही संगणकाला दोन माणसं वाटतात. 'गोऱ्हे', 'कोऱ्हाळे' यांतला ऱ दोन पद्धतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. असं एक पात्र दोन जागी विभागलं गेलं की त्याची एकूण हजेरी अर्धी दिसते. ज्यांना अशी नोंद सुरू करायची असेल त्यांनी प्रत्येक पात्राला वेगळा उभा रकाना देऊ नये; एक हजेरी, एक आडवी ओळ, हेच बरं. पात्रं वाढत जातात, रकाने मावत नाहीत, आणि नंतर मोजणी करता येत नाही.

आता तक्रारी.

१. श्रेयनामावली. वर्षाला पंधरा मिनिटांचे २६० भाग धरले तर चाळीस सेकंदांप्रमाणे वाचतात १०,४०० सेकंद, म्हणजे तीन तासांहूनही कमी. एकूण पासष्ट तासांच्या प्रसारणातले हे तास. त्यांच्या बदल्यात काय गेलं ते वर सांगितलं. पण प्रश्न श्रोत्यांचाच नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८-ब आलं. आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून आपली ओळख सांगितली जावी, हा कलाकाराचा हक्क त्यात मान्य केला आहे. सादरीकरणाच्या वापराची रीतच अशी असेल की नाव गाळावंच लागेल, तेवढाच अपवाद. रेडिओवर नाव सांगणं अशक्य आहे असं कुणी म्हणू शकणार नाही, कारण कालपरवापर्यंत आपणच ते सांगत होता. नभोनाट्याच्या कलाकाराला चेहरा नसतो. बाजारात शेजारी उभा असला तरी कुणी ओळखत नाही. त्याच्या कामाची पावती म्हणजे त्याचं उच्चारलेलं नाव. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालिकेतले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी ज्यांच्या कानात अजून आहेत, त्यांना नीलम प्रभू, बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी ही नावंही पाठ आहेत. ती त्यांनी कुठे वाचून पाठ केली नव्हती.

वेळच वाचवायचा असेल तर हिशेब असा. एका भागात सरासरी आठ कलाकार, एका नावाला दोन सेकंद, म्हणजे सोळा. भाग क्रमांकाला तीन, लेखन-निर्मितीला सहा. पंचवीस सेकंदांत सगळं बसतं. पण ती नावं धून वाजत असताना तिच्यावरून वाचू नका. कमजोर प्रक्षेपणात सतार आणि आडनाव एकत्र आलं की आधी आडनाव बुडतं. धून आधी पूर्ण खाली घ्या, नावं सांगा, मग पुन्हा वर आणा.

२. भाग क्रमांक. हा आमच्या दृष्टीने श्रेयनामावलीइतकाच गंभीर विषय आहे. क्रिकेटचं समालोचन लांबलं, निवडणुकीचे निकाल आले, राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, की त्या दिवशीचा भाग होत नाही. हे समजण्यासारखं आहे. पण अशा दिवसानंतर क्रमांक कधी पुढे सरकलेला आढळला आहे, कधी नाही. ॲपवरचा क्रमांक निवेदकांच्या क्रमांकापेक्षा कधी एकने पुढे, कधी दोनने मागे. एकदा असा घोळ झाला की त्या पुढची प्रत्येक नोंद एका घराने सरकते, आणि दोन गावांच्या वह्या जुळवताना चूक कुठून सुरू झाली ते शोधायला शंभर भाग मागे जावं लागतं. क्रमांक दिवसाला द्यायचा नसतो, ध्वनिमुद्रित भागाला द्यायचा असतो. भाग वाजला नाही तर क्रमांक थांबतो. तोच भाग दुसऱ्या दिवशी त्याच क्रमांकाने वाजतो. पटकथेच्या पहिल्या पानावर, ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला आणि फाइलच्या नावात एकच क्रमांक असला की पुढचे सगळे वाद मिटतात.

३. न सांगता केलेलं पुनःप्रसारण. सुट्ट्यांच्या दिवसांत जुने भाग नव्यासारखे वाजवले जातात, 'पुनःप्रसारित' हा एक शब्द न उच्चारता. ते ओळखायला आम्हाला कथेतल्या खुणा शोधाव्या लागतात. ऐन मार्गशीर्षात मालिकेतल्या सासुरवाशिणी आखाजीला, म्हणजे वैशाखातल्या अक्षय तृतीयेला, माहेरी येऊन झोके घेत असतील, किंवा कानबाई देवीच्या सणाचे रोट श्रावण सोडून भलत्याच महिन्यात होत असतील, तर भाग जुना, हे कळतं. पण ज्या भागात सण नाही, पीक नाही, बाजारभाव नाही, तो कसा ओळखायचा? मग पार्श्वभूमीतला एखादा कोंबडा किंवा पेला पडल्याचा आवाज जुन्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहायचा. तसाच्या तसा त्याच शब्दावर आला, तर भाग तोच. एका शब्दाने टळणारं हे काम आहे.

४. पात्राचा आवाज बदलतो तेव्हा. कलाकार आजारी पडतात, गाव सोडतात, वारतात. बदल करावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. बदल झाला हे सांगितलं जात नाही, याबद्दल आहे. पहिल्या दिवशी निवेदकाने 'आजपासून ही भूमिका अमुक करत आहेत' एवढं म्हटलं तर श्रोता नव्या आवाजाला जागा देतो. न सांगितल्यास आठवडाभर घरोघरी चर्चा चालते की हे पात्र नवं की जुनं.

आणि इथे बोलीचा मुद्दा येतो. मालिकेतली काही पात्रं अहिराणी बोलतात, काही खान्देशाच्या पूर्वेकडच्या लेवा समाजाच्या घरांतली आहेत. बोलीतला ळ हा य होतो : केळीची केयी, काळीची कायी, डोळ्याचा डोया. 'काय करी ऱ्हायना?' हा प्रश्न ज्याच्या तोंडात मुळातून आहे, त्याचा ताल वेगळाच लागतो. कलाकार बदलला आणि नव्या कलाकाराने वाक्यं लिहिली होती तशीच वाचली, पण ळ मात्र खणखणीत पुणेरी लावला, तर इथल्या श्रोत्याच्या कानाला पात्राचं गावच बदलतं. कोण कुठलं हे ठरवताना आम्ही या खुणांवर फार विसंबतो. पात्र क्रमांकाच्या पानावर प्रत्येकाची बोली आणि खास शब्द लिहून ठेवलेले आहेत. नव्या कलाकाराला ते पान दाखवलं तरी पुष्कळ होईल. ते आम्ही आनंदाने देऊ.

५. जुनी ध्वनिमुद्रणं. सुरुवातीच्या वर्षांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या, असं आम्हाला सांगण्यात आलं. त्या काळी फीत महाग होती हे आम्हाला ठाऊक आहे. सेकंदाला १९ सेंटिमीटर या गतीने पंधरा मिनिटांच्या भागाला सुमारे १७१ मीटर फीत लागते. सात इंची रिळावर ३६६ मीटर, म्हणजे एका रिळात जेमतेम दोन भाग. वर्षाला १३० रिळं कपाटात ठेवणं कुठल्याही केंद्राला जड गेलं असतं. जगात बऱ्याच ठिकाणी हेच झालं. पण आज तसं कारण उरलेलं नाही. उत्तम दर्जाची, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची एकमार्गी (मोनो) फाइल पंधरा मिनिटांना सुमारे १३० एमबी होते. वर्षाचे २६० भाग ३४ जीबीत मावतात, म्हणजे खिशातल्या ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये, जवळपास निम्मी जागा शिल्लक ठेवून. असं असताना ॲपवरचे भाग काही आठवड्यांनी काढून टाकले जातात आणि मागितल्यास 'उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. ॲपवर ऐका, हा सल्ला म्हणून आम्हाला पुरत नाही. जे उद्या नसणार आहे त्याच्या आधारावर नोंद ठेवता येत नाही.

श्रोत्यांच्या कागदाला किंमत नसते असं समजू नका. १९९६-९७ मध्ये आकाशवाणीवर 'तिनका तिनका सुख' ही १०४ भागांची हिंदी मालिका झाली. तिच्यातलं हुंड्याच्या छळाचं कथानक ऐकून उत्तर प्रदेशातल्या लुटसान गावच्या लोकांनी हुंडा घेणार-देणार नाही असा निर्धार लिहिला, खाली सह्या केल्या आणि पाठवून दिला. तो कागद जपला गेला, म्हणून पुढे अभ्यासक त्या गावापर्यंत पोचले. आपल्या मालिकेतल्या कोणत्या प्रसंगाने कुणाच्या घरात काय घडलं, हे उद्या कुणाला विचारावंसं वाटलं तर पहिला प्रश्न भाग क्रमांकाचा येईल आणि दुसरा, त्या दिवशी कोण बोललं याचा.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

श्रेयनामावली पुन्हा सुरू करा. किमान पंचवीस सेकंद, धून खाली घेऊन, आणि शक्य असेल तर पात्राच्या नावासह. 'आप्पा : अमुक' असं सांगितलं की एकाच कलाकाराने दोन पात्रं केल्याचाही उलगडा होतो.

भाग क्रमांक सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा सांगा. दोनदा यासाठी की वीज नेमकी केव्हा जाईल ते सांगता येत नाही.

पुनःप्रसारणाच्या आरंभी तसं सांगा, मूळ क्रमांकासह.

कलाकार बदलल्यास पहिल्या भागात जाहीर करा.

आजपासूनचा प्रत्येक भाग दोन ठिकाणी जपा, आणि ॲपवर किमान एक वर्ष ठेवा.

जुन्या भागांची, निदान कलाकारांची तरी, यादी खुली करा. ही यादी नव्याने तयार करावी लागणार नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणासाठी कलाकाराशी करार होतो, मानधनाचं व्हाउचर निघतं, त्यावर तारीख आणि कार्यक्रम असतो. एका दिवशी चार-पाच भाग मुद्रित होतात, म्हणून व्हाउचरची तारीख म्हणजे प्रसारणाची तारीख नव्हे, हे आम्ही धरूनच चालतो. मानधनाचे आकडे, पत्ते, बँकेचे तपशील आम्हाला नकोत. ते झाकूनच द्या. नाव, मुद्रणाची तारीख आणि भाग क्रमांक पुरेत.

आमच्याकडून काय मिळेल तेही लिहून ठेवतो. हजेरीवह्यांच्या छायाप्रती विनामूल्य देऊ. बऱ्याच घरांत जुन्या कॅसेटांवर भाग उतरवलेले आहेत, स्वतःच्या ऐकण्यासाठी. आम्ही त्यांच्या प्रती वाटत नाही आणि वाटणारही नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटवर सहा भाग, बाजूला तीन. १२० मिनिटांच्या फार थोड्या वाचल्या, कारण तिची फीत पातळ असते आणि चाकात गुंतते. केंद्राकडे जे भाग उरले नसतील ते यांतून मिळू शकतील. मात्र त्या उतरवून घेताना घाई चालणार नाही. प्रत्येक कॅसेट वेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरलेली आहे, त्यामुळे वाजवण्याच्या हेडचा, म्हणजे फितीवरून आवाज उचलणाऱ्या भागाचा, कोन स्क्रूने त्या त्या कॅसेटशी जुळवून घ्यावा लागतो; न जुळवल्यास स, श, च सगळे बोथट होतात आणि आवाज ओळखता येत नाही. पावसाळ्यात बुरशी आलेली कॅसेट कोरड्या हवेत ठेवून, बुरशी झटकून मगच लावायची, नाहीतर हेड घाण होतं आणि पुढच्या दहा कॅसेटांवर तीच घाण बसते. हे काम केंद्राच्या स्टुडिओत, आपल्या अभियंत्यांच्या देखरेखीखाली व्हावं. कॅसेटा पोचवण्याची आणि परत नेण्याची जबाबदारी आमची.

तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावं ही विनंती. केंद्र सरकारी असो वा स्वायत्त, सार्वजनिक पैशावर चालतं, त्यामुळे उत्तर न आल्यास माहिती अधिकाराखाली वरच्या प्रत्येक मुद्द्यावर वेगळा अर्ज करू. तशी वेळ येऊ नये. आपल्या लेखकांशी, कलाकारांशी आमचं भांडण नाही. त्यांच्याच कामाचा हिशेब आम्ही ठेवतो आहोत.

पात्र क्रमांकांची यादी आणि गेल्या महिन्याच्या पानांच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत. पेन्सिलीतल्या जागा तशाच ठेवल्या आहेत. आपल्या व्हाउचरांवरून त्या भरता येतील.

आपले,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील
हजेरीवही ठेवणारे श्रोते